सहावा फोटो

“आज म्या बघते,” धुरपताबाई म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

येडशी स्टेशनात मास्तरांच्या खोलीत रेल्वे पोलिसांचा जमादार शरणप्पा खाकी पाकीट हातात धरून उभा होता. त्यानं मास्तर विष्णुपंतांकडं पाहिलं. विष्णुपंतांनी बानूकडं पाहिलं. आजवरचे पाचही फोटो बानूनंच पाहिले होते. तिची माय, धुरपताबाई, दर वेळी बाहेर लिंबाखाली, स्टेशनाकडं पाठ करून बसायची.

चार वर्षांपूर्वी बानूचा बाप, लिंबाजी, घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन इथूनच मिरजेच्या बाजाराला गेला होता. तो परतला नाही. तेव्हापासून या मार्गावर कुठं बेवारस प्रेत सापडलं की जमादार त्याचा फोटो घेऊन स्टेशनं फिरायचा, आणि विष्णुपंत वस्तीवर सांगावा धाडायचे. बानू सासरहून, भूमहून, मिळेल त्या एसटीनं यायची.

फोटो सगळे सारखेच असायचे. चेहरा पुसलेला. डोळे कुणीतरी बोटांनी उघडून ठेवलेले. डोकं बोडकं. बानूनं बापाला पटक्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळं प्रत्येक मेलेला माणूस आधी क्षणभर तिचा बाप होऊन जायचा. मग ती डावा कान बघायची. लिंबाजी पोरगा असताना त्याची बाळी बोकडाच्या शिंगात अडकून कानाची पाळी पार चिरली होती. फोटोतली पाळी सलग दिसली की बानूच्या छातीतला श्वास सुटायचा. ती बाहेर येऊन म्हणायची, “न्हाईत, माय.” माय पदर झटकून उठायची.

रझाकारांच्या दिवसांत हीच माय मेंढरं घेऊन रामलिंगच्या रानात महिनाभर एकटी राहिली होती. आता गाडीची शिट्टी ऐकली तरी तिच्या हातातली भाकरी थांबायची.

शरणप्पानं फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो आधी डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. बानूनं तिच्या खांद्यावरून पाहिलं. बोडकं डोकं. पांढरट मिशा. मग कान दिसला.

पाळी सलग होती.

“चल माय. आबा न्हाईत,” ती म्हणाली.

“ह्येच हायती,” धुरपताबाई म्हणाली.

शरणप्पा पुढं झाला. “नीट बघा बाई. काही खूण सांगता येईल?”

“तीस वरसं ह्यांच्यासाटी चूल पेटवली. खूण मला इचारता व्हय?”

खुर्चीवर बसून शरणप्पानं ओळख पटल्याचा कागद काढला. “पोरीचा पण अंगठा लागेल,” तो लिहिता लिहिता म्हणाला.

बानूनं मायला खिडकीपाशी ओढलं. “माय, कान बघ की.”

“बघितला.”

“मग?”

धुरपताबाई बारीक आवाजात बोलली. “दर सांगाव्याला म्या रांडाव होते. मग तू बाहेर येऊन मला परत सवाष्ण करतीस. पाच बार झालं. मला आता भ्या सोसवत न्हाय, पोरी. लाव अंगठा.”

बानूला वाटलं, आपण हा अंगठा उठवला की आबा कुठं असतील तिथं खाली बसतील आणि पुन्हा उठणार नाहीत. कुर्डुवाडीच्या फलाटावर असतील, मिरजेच्या धर्मशाळेत असतील, कुणाच्या मळ्यावर राखणीला असतील. तिनं मायच्या तोंडाकडं पाहिलं. चार वर्षांत प्रथमच ते तोंड शांत दिसत होतं. बानूनं अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला.

धुरपताबाईनं पदराच्या टोकानं स्वतःच कपाळ पुसलं.

“आता फोटो पुढं फिरवायला नको. वारस लागला, काम सरलं,” शरणप्पा म्हणाला. त्यानं फोटो पाकिटात घातला आणि नाडी गुंडाळली. बार्शीकडची गाडी येऊन उभी राहिली होती. त्याला त्याच गाडीनं पुढं जायचं होतं.

तेवढ्यात दारात एक बाई आली. गाडीतून उतरून ती पळत आली असावी. घामानं तिचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं.

“फोटो आलाय म्हनं इथं? आमच्या घरच्यास्नी जाऊन सात म्हयने झाले.”

“त्याची ओळख पटली, बाई,” शरणप्पा म्हणाला. “ह्यांचे धनी होते.”

बाईच्या छातीतून श्वास सुटला. तो आवाज बानूच्या ओळखीचा होता. बाई दाराला टेकून हसली, मग रडली, मग स्वतःचीच लाज वाटून धुरपताबाईपाशी आली. तिनं तिचा हात हातात घेतला.

“अक्का, राग धरू नका. तुमचं दुख लई मोठं. पर माजं वाचलं बगा.” एका हातानं तिनं कनवटीची पुडी काढली आणि धुरपताबाईच्या पुसलेल्या कपाळासमोर आपलं कुंकू नीट केलं. “येतील आता. मला वाटतंय, दिवाळीला येतील.”

बाहेर गार्डानं शिट्टी फुंकली. शरणप्पा पाकीट काखेत मारून दाराकडं निघाला. बानूनं मायकडं पाहिलं. मायच्या तोंडावरची शांतता गेली होती. ती त्या बाईचं ताजं कुंकू बघत होती.

“जमादार,” बाईचा हात घट्ट धरून धुरपताबाई म्हणाली, “गाडी जाऊ द्या. पाकीट उघडा. ह्या बाईनं अजून बघितलं न्हाय.”