न सापडलेली नोंद

“आज तरी, सर?”

रचनाने डब्याची पिशवी टेबलावर ठेवत विचारलं. अजितने समोरच्या कोतवाल बुकातून मान वर केली नाही.

“न्हाय. यात पण न्हाय.”

हे धडधडीत खोटं होतं. तिच्या आज्याच्या, कोंडशेतच्या रामजीच्या जन्माची नोंद त्याला पहिल्याच गुरुवारी, पहिल्या तासाभरात सापडली होती. गावोगावच्या जन्ममृत्यूंची ती जुनी पुस्तकं मोडीत लिहिलेली आणि मोडी वाचणारा कचेरीत अजित एकटाच. तो न्हाय म्हणाला की विषय संपला.

तसा तो लबाड माणूस नव्हता. तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली, पण कुणाच्या चहाचाही मिंधा झाला नाही. कुणाचा पणजा, कुणाचा खापरपणजा, सगळे त्याने धुळीतून उकरून दिले. लोक नक्कल घ्यायचे, हात जोडायचे आणि जायचे. परत कोण कशाला येईल? आज्याची नोंद माणसाला एकदाच लागते.

पण त्या पहिल्या दिवशी रचनाने आपली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली होती. तेवढ्यावर गड्याची नियत फिरली. सापडलेल्या पानात त्याने कागदाचा कपटा घातला आणि पुस्तक वरच्या फळीवर मागे ढकलून दिलं.

त्याची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. लग्न राहूनच गेलेलं. आगरदांड्याच्या घरी संध्याकाळी कुलूप काढायचं, मूठभर तांदूळ शिजत घालायचे आणि दिघीहून येणाऱ्या फेरीबोटीतून कोण कोण उतरलं ते ओट्यावरून बघायचं. उतरणाऱ्यांत त्याचं कुणी नसे. शनिवार-रविवार तोंडातून एक शब्द निघत नसे. सोमवारी कचेरीत पहिला शब्द बोलताना आवाज घोगरा यायचा, आणि शिपाई विचारायचा, सर्दी झाली काय?

आता सात गुरुवार झाले होते. रचना न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका कंपनीत नोकरीला. गुरुवारच्या सुट्टीला तीन एसट्या बदलून यायची. लेकीच्या, भक्तीच्या जातीच्या दाखल्याला पन्नास सालाच्या आधीचा पुरावा हवा, असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. वडील डिसेंबरात वारलेले, त्यामुळे विचारायला घरात जुनं माणूस नाही.

तिला विचारायची हौस मात्र दांडगी. पहिल्याच दिवशी टेबलावरची पाटी तिने दोनदा वाचली होती.

“अजित सगुणा जाधव. सगुणा आईचं नाव?”

“व्हय. शाळेत मास्तरांनी बापाचं नाव विचारलं, तर आई म्हणाली, पोराला मी वाढवतेय, माझं लिवा.”

“आणि वडील?”

“मी पाळण्यात असताना मुंबईला गोदीत कामाला गेले, ते गेलेच. आईने त्यांचं नाव कधी तोंडाने घेतलं न्हाय. आधी रीत म्हणून, मग राग म्हणून.”

“तुम्ही इथे बसून सगळ्यांचे पूर्वज शोधता. वडलांना शोधावंसं न्हाय वाटलं?”

“माझ्या जन्माची नोंदच कुणी केली न्हाय. नावच न्हाय, तर कुठल्या पानावर शोधू?” असं म्हणून तो हसला होता. रचना हसली नव्हती.

आजही दुपारी तिने डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सोड्याचं कालवण. अजितने भाकरीच्या कडा मोडून आधी त्या खायला घेतल्या. मधला मऊ भाग शेवटी.

“नेहमी असंच खाता?”

“लहानपणापासून. आई जाम चिडायची.”

रचनाचा घास हातातच राहिला. मग ती उगाच पिशवीत काहीतरी शोधू लागली.

“भक्तीच्या अ‍ॅडमिशनची मुदत सोमवारपर्यंतच ना?” अजितने विचारलं. पहिल्या दिवशीच्या अर्जावरची ती तारीख गेले चार दिवस त्याला घरी स्वस्थ बसू देत नव्हती.

“हं,” ती म्हणाली.

त्याने हातातली भाकरी खाली ठेवली. आपल्या दोन घटकांच्या सोबतीपायी एका पोरीचं वर्ष वाया जाणार. त्याने हात धुतले, स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून ते पुस्तक काढलं आणि कपटा घातलेलं पान तिच्यापुढे उघडलं.

“ही घ्या रामजीची नोंद. पहिल्याच दिवशी सापडली होती. मी दडवली.”

“का?”

आता लपवण्यासारखं काय उरलं होतं?

“एकट्याने जेवायचा कंटाळा आला होता. नोंद मिळाली की तुम्ही यायच्या थांबल्या असत्या. तुम्हाला तक्रार करायची तर करा, मी लिहून देतो.”

तो वाट बघत उभा राहिला. वर्षाने निवृत्ती होती, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. ही बाई आता उठून जाईल आणि पुढचा गुरुवार बुधवारसारखाच असेल, याची मात्र त्याला खरंच भीती वाटत होती.

रचना उठली नाही. पानाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“भक्तीचा दाखला मी इथे यायच्या आधीच, मार्चमध्ये झाला,” ती हळूच म्हणाली. “बाबांच्या शाळेच्या रजिस्टरवर.”

“मग दर गुरुवारी एवढ्या लांबून कशाला आलात?”

तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक घडीचा कागद काढला. “बाबांनी शेवटच्या दुखण्यात लिहून दिलेली वंशावळ हाय. पहिल्या दिवशीच दाखवणार होते. धीर झाला न्हाय.”

या वेळी तिच्या तोंडी सर आलं नाही.

अजितने चष्मा पुसला आणि घडी उलगडली. वाकडीतिकडी अक्षरं. सगळ्यात वर रामजी. त्याच्याखाली सुदाम, म्हणजे तिचे वडील. सुदामच्या खाली दोन रेघा निघाल्या होत्या. उजव्या रेघेखाली लिहिलं होतं, ‘धाकटी रचना’. डाव्या रेघेखाली, ‘थोरला अजित. आई सगुणा, आगरदांडा.’