घरटी वीस भाकरी

जत्रेच्या आमटीसाठी गावात घरटी वीस भाकरी गोळा व्हायच्या. नवनाथ टोपली घेऊन गजराकाकूंच्या दारात आला.

"काकू, तुम्ही एकट्याच. पाच दिल्या तरी चालतंय."

"का रे? माझं घर पाव घर आहे काय? वीसच देणार."

"डब्यात पीठ तरी आहे का एवढं?"

"ते माझं मी बघते. तू ये तासाभरानं."

तासाभरानं काकूंनी भाकरी मोजून दिल्या. बरोबर वीस, पण एकेक पुरीएवढी.

"माझ्या घराच्या मापाच्या आहेत," काकू ताठ मानेनं म्हणाल्या. नवनाथचं हसू ओठातच राहिलं.

पुढचं घर सरपंचांचं. तिथं सरपंचांच्या बायकोनं नेहमीएवढ्या वीस भाकरी टोपलीत टाकल्या. नवनाथनं काकूंची एक भाकरी तळहातावर घेतली, सरपंचांच्या दुमजली घराकडं बघितलं आणि विचारलं, "वहिनी, तुमच्या घराच्या मापाची भाकरी केवढी होईल हो?"