एका वाक्याचं फंक्शन

एका वाक्यात राज्य उलटवता येतं, असं मनिषाचं ठाम मत होतं. आज तिला साखर कारखान्याची ऊसतोडीची यादी तेवढी उलटवायची होती. त्यासाठी आधी कॉम्प्युटरच्या प्लगमध्ये कुणीतरी लावून ठेवलेली चहाची किटली काढावी लागली.

यादीचं काम पुण्याच्या एका कंपनीकडं होतं. आज चेअरमनसमोर मनिषानं लिहिलेलं कॉम्प्युटरचं फंक्शन चाललं, तर ते काम तिच्याकडं येणार. नाही चाललं, तर ती परत नांदूरघाटला घरी, वडिलांनी काढलेल्या स्थळांच्या यादीत.

‘फंक्शन’ एवढंच कानावर पडल्यानं शेतकी अधिकारी सुंदररावांनी हार, नारळ आणि माइक मागवून ठेवला होता. चेअरमन विजयसिंहदादा आले, ते स्टेज शोधतच.

हे इनलाइन फंक्शन आहे, मनिषानं शांतपणे सांगितलं. गावाचं नाव द्यायचं, कुणाचा ऊस कधी तुटणार त्या पाळीचा तक्ता घ्यायचा. आत एकच सिलेक्ट, म्हणजे यादी निवडून काढणारं एकच वाक्य. बिगिन नाही, एंड नाही. म्हणजे प्रास्ताविक नाही आणि आभारप्रदर्शनही नाही.

“मंग लोकं जेवायला कवा उठणार?” दादांनी विचारलं. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

तिनं एका गावाचं नाव टाकलं. सुंदररावांनी नारळ उचलेपर्यंत तक्ता पडद्यावर हजर. जुन्या प्रोग्रॅमला एवढ्यात नुसती जाग आली असती. दादांचं बोट यादीवरून खाली खाली जात तळाशी थांबलं. तिथं त्यांचे मेहुणे होते, अभिमन्यू.

“पाव्हणे इतके खाली कावून?”

“त्यांच्या उसाची लागण उशिराची हाय, दादा.”

“मग घाल की वर कुठंतरी. पुण्यावाले घालायचे.”

“घालता येतं. पण सगळं मिळून एकच वाक्य हाय, त्यातच त्यांचं नाव लिहावं लागंल. जो वाचील त्याला आधी पाव्हण्यांचंच नाव दिसंल.”

सुंदररावांनी माइक बंद असल्याची खात्री करून घेतली.

कारखान्याची निवडणूक जवळ आली होती. दादांनी हार उचलून मॉनिटरला घातला. काम मनिषाकडं, पाव्हणे आहेत तिथंच, असं त्यांनी जाहीर केलं. सुंदररावांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

जाता जाता दादा दाराशी घुटमळले.

“पोरी, लई भारी काम हाय. फकस्त त्याला जरा सावकाश चालाय लाव. शेतकरी यादीसाठी ताटकळत बसतेत, तवाच मला दोन शब्द बोलाय मिळतेत.”