होडी बाहेर असताना

पॉट पुन्हा काठोकाठ भरलं तेव्हा मेघालीने लेकीच्या, स्वराच्या, कपाळाला हात लावला. ताप नव्हता. दोन वर्षांची पोर, सकाळपासून पोटात फक्त पेलाभर दूध आणि चार घास भात. एवढं पाणी तिच्यात मावणारच नाही. आणि स्वरा आपली पॉटवर ताठ बसलेली, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून.

एरवी हीच पोर पॉट दिसलं की पळ काढायची. बोईसरचं पाळणाघर डायपरवालं मूल घेत नव्हतं, आणि सोमवारपासून मेघालीची कंपनीतली नोकरी सुरू होणार होती. शेवटी सासऱ्याने, दामूने, युक्ती काढली. होडीला लावून उरलेल्या रंगाने त्या निळ्या पॉटवर लाल-पांढरे पट्टे ओढले. आज सकाळी भरतीला मासेमारीला निघताना नातीला त्यावर बसवलं आणि म्हणाला, ही तुझी होडी, ती माझी. मी उतरलो की तू उतर.

पोरगी बसली. थोडी सू केली. आजी येसूबाईने टाळ्या वाजवल्या, सगळ्या घिवली गावात सांगून येते म्हणाली. दुपार कलली तशी धार सुरू झाली, ती थांबेचना.

मेघाली पॉट रिकामं करायला गेली, तर सासूने तिचा हात धरला. होडी बाहेर असताना या घरात भांडं पालथं पडत नाही, होडी उलटेल म्हणून. कढई नाही, तांब्या नाही, मग पॉट तरी कसं पडेल? पोरही हटेना. म्हणून मेघाली तिच्या पायांमधून वाटीने पाणी काढायची आणि बादलीत ओतायची.

ते पाणी पिवळं नव्हतं. त्याला ओहोटीच्या चिखलाचा वास होता. एकदा वाटीत जवळा वळवळला, केसाएवढी कोळंबी. अंगणात जवळा वाळत घातलाय, वाऱ्याने उडाला असेल, असं मेघालीने स्वतःला समजावलं. वाळलेला जवळा वळवळत नाही, हे मात्र स्वतःला सांगितलं नाही.

येसूबाईने बोट बुडवून जिभेला लावलं. घडीघडी थट्टा करणारी म्हातारी दारात जाऊन समुद्राच्या दिशेने बघू लागली.

मेघालीने नवऱ्याला, ललितला, कामावर फोन लावला. तो म्हणाला, साखर असेल, लगेच डॉक्टरकडे ने. रिक्षा दारात आली.

"उठवू नको तिला," येसूबाई म्हणाली.

"आई, अंगातलं सगळं पाणी चाललंय. सुकून जाईल पोर."

"सुकंल? तिच्या केसांना हात लाव. ओले हायत."

मेघालीने हात लावला नाही. पोरीला सरळ उचललं.

धार त्याच क्षणी थांबली. जमिनीवर एक थेंब पडला नाही. स्वरा रडलीही नाही. तिचे हात गार पडले. आईच्या खांद्यावरून ती पॉटकडे बघत होती.

"भरली," ती म्हणाली.

पॉट आताच उपसलेलं होतं, तळ दिसत होता. स्वराने गाल फुगवले आणि श्वास धरला. रिक्षावाला बाहेरून विचारत होता, मॅडम, चलना है क्या. पोरीचे ओठ निळे पडायला लागले. मेघालीने पाठ चोळली, नाव घेऊन हाका मारल्या. श्वास सुटेना.

उंबऱ्यात एक पाय असताना मेघाली मागे फिरली. आपल्याच हाताने तिने लेकीला पॉटवर बसवलं.

स्वराने फुस्सकन श्वास सोडला. धार पुन्हा लागली, आधीपेक्षा मोठी. मेघालीने वाटी घेतली. येसूबाईने दुसरी वाटी आणली. रिक्षा निघून गेली. सासू-सून समोरासमोर बसून उपसत राहिल्या.

ऊन उतरल्यावर स्वरा आपणहून उठली. चड्डी वर ओढली आणि मांजरामागे पळाली.

थोड्या वेळाने किनाऱ्यावर गलका झाला. दामूची होडी लागली होती. तळाची फळी गेलेली, माणूस आरपार जाईल एवढं भगदाड. अशी होडी तरंगते कशी, जो तो तेच विचारत होता. दामू सरळ घरी आला. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. येसूबाईने चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

"फळी दुपारीच गेली," तो म्हणाला. "पानी येत होतं, आपलं आपन जात होतं. आमी उपसायला हात नाय लावला. एकदाच गळ्यापर्यंत चढलं."

मग त्याने बायकोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि हळूच विचारलं,

"मधीच पोरीला उठवली कोनी?"