ओलं बोट

भंगारातल्या जहाजाच्या जुन्या वायरलेस पेटीतून धुडकूने उपग्रहावरून ठिकाण दाखवणारं यंत्र सोडवलं होतं. काल सुरतेजवळच्या मगदल्ल्याच्या होडीवाल्या टंडेलला चालवूनही दाखवलं. दसऱ्याला त्याची होडी दर्यावर निघणार होती. आज खंडेनवमी. नवागामच्या आपल्या खोलीत पकड, पाने अशी अवजारं मांडून धुडकूने ओल्या बोटाने हळदकुंकू वाहिलं आणि भक्तीच्या भरात तेच ओलं बोट यंत्राच्या उघड्या सर्किटवरही टेकवलं. बॅटरी जोडलेलीच होती. चट् आवाज झाला. पडद्यावरचे आकडे विझले. "भंगाराचा माल, त्याची कसली गॅरंटी?" हे उत्तर धुडकूने टंडेलसाठी तयार ठेवलं. संध्याकाळी यंत्र न्यायला आलेल्या टंडेलने सर्किटवरचं कुंकू पाहून दारातच चपला काढल्या. "पूजा पण करी? बस, दरियानो डर नथी!" म्हणत त्याने तेच कुंकू कपाळाला लावलं. "टंडेल, नेऊ नका," धुडकू पुटपुटला, "माझ्याच बोटाने मेलंय ते." पण त्या कपाळाकडे बघायला त्याची मान वर होईना.