रिकामं खोकं

"खोक्यात बसणाऱ्याचं नाव नाट्यगृहाला? मग पडदा ओढणाऱ्याचा पुतळाही उभारा!" नौफल म्हणाला आणि त्याने मकरूदचा गोड तुकडा तोंडात टाकला.

खोक्यात बसून नटांना वाक्यं कुजबुजणाऱ्या म्हाताऱ्या सी तिजानीला जाऊन चाळीस दिवस झाले होते. त्याच्या आठवणीसाठी महदियाचं हौशी नाट्यमंडळ आणि अर्धं गाव जमलं होतं. शेवटी हात वर करून नाव ठरायचं होतं: म्हाताऱ्याचं, की गेली वीस वर्षं मंडळाचा नायक असलेल्या नौफलचं.

"त्यांनीच तुला उभं केलं रे," मबरूका म्हणाली. ती बंदरावर मासळी विकायची आणि प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत बसायची.

"मी माझ्या पायांवर उभा राहिलो, बाई. तो विसरभोळ्यांना वाक्यं पुरवायचा. मी कधी त्याच्याकडे वळून तरी पाहिलं?"

"नाही बाबा. कधीच नाही."

"ऐकलंत?"

मबरूका गालातल्या गालात हसली. नौफलला या लोकांची कीव यायची. गावंढळ कुठले! मागच्या रांगा निदान विनोद पुरा होईपर्यंत थांबत. पहिल्या रांगेला तेवढाही धीर नसे, ती आधीच खिदळायची. एक मात्र खरं, त्याच्या वाक्यांवर या रांगेचे ओठ हलायचे. एवढी भक्ती म्हाताऱ्याच्या वाट्याला कधी आली होती?

"मत देण्याआधी बघून घ्या, नट कशाला म्हणतात ते!" असं म्हणत तो रंगमंचावर चढला.

पुढच्या कडेला, पहिल्या रांगेला लागूनच, म्हातारा बसायचा ते लाकडी खोकं होतंच. सी तिजानी कानामागे खोचायचा तसला मोगऱ्याचा तुरा कुणीतरी त्यात ठेवला होता.

"समुद्रा, तू माझं गलबत नेलंस, मी बोललो नाही!" नौफलचा आवाज घुमला. "माझी शिडं फाडलीस, मी बोललो नाही! पण आज..."

तो थांबला. वा, काय थांबला, असं मागच्या रांगांना वाटलं.

"पण आज..."

त्याची मान आयुष्यात पहिल्यांदाच खोक्याकडे वळली. आत मोगरा तेवढा होता.

मबरूकाने तोंडापुढे हात धरला. तिच्या शेजाऱ्यानेही धरला. मग अख्खी पहिली रांग म्हाताऱ्याच्याच घोगऱ्या सुरात कुजबुजली, "पण आज तू माझा मुलगा मागितलास... घाबरू नकोस, पोरा. श्वास घे. छान चाललंय."