सात खडे

डब्याचं झाकण काही केल्या निघेना. गंजून घट्ट बसलं होतं.

"कडेने तेल सोड आणि जरा वेळ जाऊ दे," मावशी म्हणाली. "गोळ्या मोजणारे हात तुझे. त्यांना असली कामं कुठली जमायला!"

लेकीने तेलाचे दोन थेंब सोडले आणि डबा बाजूला ठेवला. आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. खोली आजच रिकामी करायची होती. खाट गेली, भांडी मावशीच्या पोत्यात गेली. कंद उकरायची पहार, चकत्या करायची सुरी आणि बांबूची टोपली तेवढी उरली होती.

"तुला काय हवं ते घे."

"काही नको."

"अजून मनातून जात नाही का ग तुझ्या?"

जाण्यासारखं ते नव्हतंच.

आई रानातून कडूकंद आणायची. तीन-तीन पानांचा काटेरी वेल आणि त्याच्या बुडाशी माणसाच्या डोक्याएवढा कंद. तसाच खाल्ला तर जीव घेणारा. पण पातळ चकत्या करून, टोपलीत भरून, सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्या की विष निघून जायचं. मग उकडून खायचा. घरात दुसरं काही नसे, तेव्हा चूल त्याच्यावरच पेटायची. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पहाटे अंधारातच ती कामाला निघायची, वाटेत ओढ्यावर थांबायची आणि टोपलीजवळच्या सपाट दगडावर रोज एक खडा ठेवायची. हाताने चाचपून सात भरले की टोपली वर काढायची.

लेक पाच वर्षांची होती तेव्हा त्या टोपलीतला कंद खाऊन तिचा धाकटा भाऊ गेला. दोन वर्षांचा होता. पहिला घास नेहमी त्यालाच मिळायचा.

टोपली पाण्यात सोडली त्या दिवशी मावशी तिथेच होती. पोर गेल्यावर तिने बोटांवर मोजलं. पाचच दिवस झाले होते. आई अख्ख्या गल्लीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी मोजायला चुकले." पुढे एक शब्द नाही. त्याच महिन्यात वडील घर सोडून गेले. गल्लीने आईचं नाव 'पाचसात' पाडलं. पोरं मागून ओरडायची, "पाचसात आली, पाचसात आली!" आई मान खाली घालून चालत राहायची.

खड्यांनी मोजणं तिने तेव्हापासून सोडलं. गळ्यात एक दोरी घातली. दिवसाला एक गाठ. झोपतानासुद्धा ती दोरी काढत नसे.

लेक शिकली, हॉस्पिटलातल्या औषधांच्या दुकानात लागली. प्रत्येक पाकीट ती दोनदा मोजायची. दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय हात सुटतच नसे. चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून तिने काउंटरवर पांढरे खडे मांडले होते. लहानपणापासूनचा नाद. रस्त्यात एखादा गुळगुळीत पांढरा खडा दिसला की पाय आपोआप थांबायचे. बरोबरच्या बाई चिडवायच्या, "सासरी काय, दगडांचीच पेटी नेणार का?"

असाच एक खडा तिने लहानपणी आईच्या हातात ठेवला होता. भाऊ गेल्यानंतरची गोष्ट. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग मूठ मिटली आणि उठून आत गेली. लेकीने पुन्हा कधी तिला काही दिलं नाही.

शेवटचं बोलणं फोनवर झालं. आई जायच्या सहा दिवस आधी.

"काम जपून करतेस ना ग?"

"मी दोनदा मोजते. घरात कुणीतरी मोजायला शिकायलाच हवं होतं."

आई म्हणाली, "हो ग बाई. नीट मोज. एकदा येऊन जाशील?"

"बघते. पुढच्या आठवड्यात."

मावशी पोत्याचं तोंड बांधता बांधता एकदम हसली. "तुला आठवत नसेल. तिचं शेपूट होतीस नुसती! संध्याकाळी ती ओढ्यावर पाणी भरायला निघाली की तू मागे. ती वाकली की तू वाकणार. ती घाम पुसायची, तर तू कोरडं कपाळ पुसायचीस. तिचं प्रत्येक काम तुला करायचं असायचं."

"नाही आठवत."

"एवढी माया, आणि मग काय ग झालं तुम्हा दोघींचं?"

"चुकले म्हणाली आणि मोकळी झाली." लेक म्हणाली. "कशी चुकली, एवढं एकदा तरी मला सांगायचं होतं. दुसरं काय मागत होते मी?"

"मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाली, 'पोरीला अजून सगळं आयुष्य काढायचंय.'"

"म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक! कधी सरळ उत्तर दिलंय का तिने?"

लेकीने डोळे पुसले आणि डबा पुन्हा हातात घेतला. या खेपेला झाकण फिरलं. मावशी लगबगीने जवळ सरकली. "एखादा सोन्याचा डाग असेल ग! तुझ्यासाठीच ठेवला असणार."

आत कापडाची पुरचुंडी होती. कापड धाकट्याच्या झबल्याचं होतं. लेकीने गाठ सोडली.

"अग बाई, खडे!" मावशी मागे सरली. "ओढ्यावरचे ते! आणि हे जपून ठेवले हिने? इतकी वर्षं?"

लेकीने सवयीने मोजले. सात.

मग, नेहमीसारखे, दुसऱ्यांदा मोजले. पाच काळे होते, ओबडधोबड. दोन पांढरे, गुळगुळीत.